थ्री नॉट थ्री आणि विजया

माझं एक मत आणि माझा एक नाद असा आहे, की चारचौघांत बोलून दाखवला तर लोक खुर्ची थोडी मागे सरकवतात. मत असं, की गांजाच्या झाडापासून होणारी औषधं डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाला मिळायला हवीत. आणि नाद आहे जुन्या लष्करी रायफलींचा. हा नाद बाळगण्याचा नव्हे हं, वाचण्याचा आणि संग्रहालयात काचेला नाक लावून उभं राहण्याचा. पहिलं ऐकलं की लोकांना हणजुणेचा किनारा आठवतो आणि दुसरं ऐकलं की हिंदी सिनेमातला डाकू. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मला तो आहे असं वाटतं, आणि तोच आज मांडायचा आहे.

आधी बंदुकीचं बोलू. जुनी रायफल मला कोमुनिदादीच्या जुन्या वहीसारखी वाटते. वाचता आली तर तिच्यात पुष्कळ लिहिलेलं असतं. थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफिल्ड रायफल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती ब्रिटिश सैन्यात आली आणि तिचा सर्वांत गाजलेला नमुना १९०७ सालचा. वजन चार किलोच्या आसपास, दहा गोळ्यांची पेटी, नळीचा व्यास इंचाचे ३०३ हजारांश भाग, म्हणून हे नाव. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे राजमुकुट, राजाच्या नावाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती आपल्याकडेही वर्षानुवर्षं तयार झाली. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. काही रायफलींच्या पुढच्या भागाला तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली दिसते. ती शोभेची नव्हे. त्या रायफलीतून हातबाँब फेकले जायचे आणि त्या धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून ती तार.

या लाकडा-लोखंडात माणसांचा इतिहास आहे. १८५७ सालचा भडका एनफिल्डच्याच काडतुसांवरून उडाला. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं असं धोरणच ठेवलं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याखाली आली, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. म्हणजे बंदूक कोणाच्या हातात आहे यावरून ती चांगली की वाईट हे ठरायचं. १९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेयला उतरल्या, तेव्हा कुठे त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन त्यांना नव्या ली-एनफिल्ड दिल्या. त्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढल्या, कूटच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. ज्यांचं केंद्र आज आपल्या शेजारी बेळगावला आहे, त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते पूर्वज.

आपल्या गोव्याचंच पाहा. १८९५ साली गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला, बंड केलं, आणि सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले. सरकारने कवायत शिकवून ज्यांच्या खांद्यावर बंदूक दिली, त्यांनी ती सरकारावरच फिरवली! पुढे १९६१ च्या डिसेंबरात सीमा ओलांडून जे भारतीय जवान गोव्यात आले, त्यांच्या खांद्यावरही हीच थ्री नॉट थ्री होती, कारण त्यांच्या पायदळाची मुख्य रायफल तेव्हा तीच होती. वर्षभराने चीनच्या युद्धातही तीच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातात तीच होती, समोर स्वयंचलित रायफली असताना. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला तिला सन्मानाने निरोप दिला. एका हत्याराने एवढं पाहिलं असेल तर त्याबद्दल कुतूहल वाटणं हा गुन्हा नव्हे. ते माणूस मारण्यासाठी केलेलं यंत्र आहे हे मी विसरत नाही. पण तलवारीबद्दल आपण पोवाडे म्हणतो आणि बंदुकीचं नाव काढलं की दचकतो, हे मात्र मला कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. लष्करी मापाची म्हणून थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून तिच्याच धर्तीवर आपल्या सरकारी कारखान्यांनी .३१५ ची शिकारी रायफल बनवली, ती परवान्यावर मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका असाव्यात असं ठरलं. पण याच १९५९ च्या शस्त्र कायद्यात ४५ वं कलम आहे. जे हत्यार जुन्या बनावटीचं किंवा पुरातन मोलाचं आहे आणि दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे भिंतीवरची पणजोबांची ठासणीची बंदूक आणि कमरेला लावलेलं पिस्तूल यांतला फरक कायद्याला कळतो. मला हा शहाणपणा आवडतो.

गांजाच्या बाबतीतही कायदा वाटतो तेवढा आंधळा नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे. शेंड्यावाचूनची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणूनच भांग त्या कायद्यात सापडत नाही, तिचं काय करायचं ते राज्यं ठरवतात. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं, ज्यांना जुन्या नावाने 'विजया' म्हणतात, ती परवान्याखाली तयार होतात आणि विकलीही जातात. एवढंच नव्हे, तर त्या कायद्याचं आठवं कलम सगळी बंदी घालताना 'वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारण' वगळून घालतं, आणि दहावं कलम लागवडीला परवानगी द्यायचा अधिकार राज्याला देतं. दार कायद्यातच आहे. ते उघडायला फारसं कोणी धजत नाही, एवढंच.

आणि वाचकहो, या झाडाची औषध म्हणून पहिली छापील चर्चा करणाऱ्या युरोपियनांपैकी एक आपल्याच गोव्यात राहत होता! गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला आणि १५६३ साली त्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात एक संवाद भांगेवर आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा म्हणायचा म्हणे, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावंसं वाटलं की थोडी भांग घेतली की झालं. ओर्ताने ही गोष्ट मजेने सांगितली आहे, पण त्याची नजर वैद्याची आहे. लोक हे का घेतात, घेतल्यावर काय होतं, हे तो विचारतो. अशा माणसाचं पुढे काय झालं? १५८० साली, मेल्यावर बारा वर्षांनी, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असा आरोप. आज पणजीतली बाग त्याच्या नावाने आहे.

ओर्तानंतर पावणेतीनशे वर्षांनी, १८३९ साली, कोलकात्यात विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने गांजाचे प्रयोग आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर करून ते प्रसिद्ध केले. संधिवात, धनुर्वात, लहान मुलांचे झटके. विलायतेच्या औषधशास्त्रात हे झाड भारतातून गेलं ते असं. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने खास आयोग नेमला, त्याने बाराशेच्या जवळपास साक्षी घेतल्या आणि सांगितलं, की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, संपूर्ण बंदी नको, कर आणि परवाना ठेवा.

आजचं विज्ञान काय म्हणतं? इथे अतिशयोक्ती करणाऱ्यांचा मला राग येतो. गांजाने कॅन्सर बरा होतो असं सांगणारे लोक रुग्णाशी खेळत असतात. पण २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी सगळा पुरावा तपासला तेव्हा मोठ्या माणसांच्या जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडणं, या तीन ठिकाणी तो पुरेसा आढळला. २०१८ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने गांजातल्या सीबीडी या घटकाचं शुद्ध औषध लहान मुलांच्या दोन दुर्मीळ आणि भयंकर अपस्मारांसाठी मंजूर केलं. सीबीडीने नशा होत नाही, नशा टीएचसीने होते. दुसऱ्या बाजूला, कोवळ्या वयात नियमित ओढणाऱ्यांना मनोविकाराचा धोका वाढतो हेही खरं, आणि धूर हा फुप्फुसाला धूरच असतो. म्हणून मी बोलतो ते मोजलेल्या मात्रेच्या, तपासलेल्या औषधाबद्दल. किनाऱ्यावर पुडीत मिळतं त्याबद्दल नाही.

आता या दोन गोष्टी एकत्र कुठे येतात ते सांगतो. अमेरिकेत. आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी मोडीत काढलेल्या ईशापूरच्या पुष्कळ रायफली विकल्या जाऊन तिकडच्या संग्राहकांकडे गेल्या. तिथे पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा परवानाही असतो. समजा, एखाद्या निवृत्त सैनिकाकडे अशा चार-पाच जुन्या रायफली आहेत. वर्षातून दोनदा तेल घालून पुसतो, नातवाला दाखवतो. त्याला कॅन्सर झाला. त्याच्या राज्यात वैद्यकीय गांजा कायदेशीर आहे. १९९६ साली कॅलिफोर्नियाने सुरुवात केली आणि पुढे जवळजवळ चाळीस राज्यांनी या ना त्या रूपात परवानगी दिली. डॉक्टरने लिहून दिलं, त्याने राज्याचं कार्ड काढलं. झालं! राज्याच्या लेखी तो रुग्ण आणि केंद्राच्या लेखी 'अमली पदार्थाचा बेकायदा वापर करणारा'. १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्याने अशा माणसाने बंदूक विकत घेणं तर सोडाच, बाळगणंही गुन्हा. २०११ साली बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याने दुकानदारांना पत्रच लिहिलं, की गिऱ्हाइकाकडे असं कार्ड आहे हे माहीत असेल तर विकू नका. त्याच वर्षी नेव्हाडातल्या एका बाईला कार्ड असल्यामुळे बंदूक नाकारली गेली. ती न्यायालयात गेली आणि २०१६ साली हरली.

आणि गंमत बघा. हाच माणूस रोज रात्री अर्धी बाटली व्हिस्की रिचवत असता, तर या कलमाने त्याला काही विचारलं नसतं. डॉक्टरने अफूपासूनच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या असत्या, तरी नाही. २०२३ साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने म्हटलं, की नशेत असलेल्या माणसाच्या हातात बंदूक नको हे इतिहासाला धरून आहे, पण पूर्वी कधी ओढलं म्हणून शुद्धीत असलेल्या माणसाचं शस्त्र काढून घेणं तसं नाही. दोन न्यायालयांनी दोन वाटा धरल्या, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यातला हा प्रश्न सुनावणीला घेतला.

मी अमेरिकेच्या बंदूकप्रेमाचा वकील नाही. २०२१ या एका वर्षात तिथे ४८ हजारांहून अधिक माणसं बंदुकीने मेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. गोळ्या आणि बंदूक दुकानात शेजारी शेजारी मिळणारा समाज आपल्याला नकोच. कॅन्सरने खचलेल्या माणसाच्या कपाटात चालू बंदूक असावी का, हा प्रश्नही खरा आहे आणि तो त्याच्या डॉक्टरने नि घरच्यांनी विचारलाच पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. तो कायदा त्या माणसाची तब्येत, वागणूक, शुद्ध-बेशुद्ध काही तपासत नव्हता. कार्ड बघत होता. ज्याने प्रामाणिकपणे नोंद केली, तोच सापडला. जो चोरून ओढत होता त्याचं काही बिघडलं नाही. अशा कायद्याने लोक एवढंच शिकतात, की सरकारला खरं सांगू नये.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. बंदुकीसारखी जीवघेणी वस्तू आपण नोंदीने बऱ्यापैकी सांभाळतो. सत्तरी-सांग्याच्या शेतकऱ्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक असते, निवडणूक आली की तो ती पोलीस ठाण्यात जमा करतो, नंतर घेऊन येतो. फेणीचंही तसंच. काजूच्या मोसमात अबकारी खातं विभागांचा लिलाव करतं, भट्टीला परवाना लागतो, आणि त्याच फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दारू वाईट म्हणून काजूची झाडं तोडा असं कोणी म्हणालं तर त्याला आपण वेड्यात काढू. अफूची गोष्ट तर याहून बोलकी आहे. माळव्यात मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने, जमीन मोजून अफू पिकते, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींना हे नवीन नाही. अफूचं जमतं तर गांजाचं का जमू नये?

नुसती भीती बाळगली तर काय होतं, हेही त्या अफूनेच दाखवलं आहे. मॉर्फीन अफूपासूनच होतं. १९८५ चा कायदा आला, कडक शिक्षा आल्या, एकेका बाटलीसाठी निरनिराळे परवाने आले, आणि इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. ज्या देशात अफू पिकत होती, त्याच देशात कॅन्सरचे रुग्ण मॉर्फीनवाचून तळमळत मेले. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं धोशा लावला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलून अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखी पद्धत आली. एकोणतीस वर्षं! या एकोणतीस वर्षांत जे तळमळले त्यांनी कोणता गुन्हा केला होता? गांजाच्या औषधांबाबत आपण तीच वाट पुन्हा चालणार आहोत का?

२०२० च्या डिसेंबरात दोन गोष्टी घडल्या. २ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत घातक आणि औषधाला निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या यादीतून काढलं. मतं पडली २७ विरुद्ध २५, आणि भारताचं मत काढावं या बाजूने होतं. त्याच महिन्याच्या शेवटी औषधासाठी गांजाच्या नियंत्रित लागवडीच्या प्रस्तावाला गोव्याच्या कायदा खात्याने हिरवा कंदील दाखवल्याची बातमी आली. झालं, एकच गदारोळ. गोव्याचं नाव आधीच बदनाम, त्यात हे कशाला, असं जो तो बोलू लागला आणि विषय मागे पडला. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांची मुलं किनारपट्टीवर अमली पदार्थांच्या नादी लागली, त्या आईबापांचं दुःख खरं आहे. पण त्या गदारोळात रुग्ण हा शब्द मला फारसा ऐकू आला नाही. किनाऱ्यावरची पुडी आणि इस्पितळातली बाटली यांत फरक आहे, आणि तो फरक शिकवायचं काम नोंदवही करते. पुडीला नोंद नसते, मात्रा नसते, जबाबदार माणूस नसतो. बाटलीला हे तिन्ही असतं.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. लागवड कुंपणाच्या आत, सरकारी संशोधन संस्थेच्या हाताखाली. औषध मोजलेल्या मात्रेचं, प्रयोगशाळेत तपासलेलं. तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी, औषधविक्रेत्याच्या वहीत नोंद, आणि अठराच्या आतल्यांना फक्त अपस्मारासारख्या ठरलेल्या आजारांसाठी. ते घेऊन गाडी चालवणं किंवा बंदूक हाताळणं हा दारू पिऊन गाडी चालवण्याइतकाच गुन्हा. आणि ज्याने नोंद केली त्याला त्या नोंदीपायी गुन्हेगार समजायचं नाही. ही शेवटची अट अमेरिकेकडून शिकण्यासारखी आहे, त्यांनी केलं त्याच्या उलट करून.

पुढे कधी विधानसभेत हा विषय पुन्हा निघालाच, तर आपापल्या आमदाराला एकच प्रश्न विचारा. गोव्याचं नाव खराब होईल का, हा नव्हे. केमोथेरपीनंतर पाणीसुद्धा पोटात न ठरणाऱ्या माणसाला, नेहमीच्या औषधांनी गुण येत नसेल तेव्हा, तुम्ही काय देणार आहात, हा. बंदुकीला परवाना देणाऱ्या सरकाराजवळ या प्रश्नाचं उत्तर असायला हवं.